दाढी करता करता सुचलेलं आभारपत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

स. न. वि. वि.

वजन उतरवल्यावर लोंबायला लागलेल्या माझ्या गळ्याच्या ऑपरेशनला काल एक वर्ष झालं. सकाळी दाढी करताना ध्यानात आलं की माझा डावा हात रिकामा आहे. ऑपरेशनच्या आधी दोन-अडीच वर्षं त्या हाताला एकच काम होतं, गळ्याची कातडी चिमटीत धरून खाली ओढायची, म्हणजे उजव्या हाताला ब्लेड फिरवता येईल. काल तो नुसता बेसिनच्या कडेवर टेकलेला होता. तोंडाला फेस असतानाच ठरवलं की तुम्हाला लिहायचं. फोनवर 'थँक्यू मॅडम' म्हणून झालं होतं, पण ती उधारी फेडल्यासारखी वाटेना. चारचौघांनी वाचावं असंच लिहितोय. वजन उतरवलेली माणसं आता गावोगाव भेटतात, आणि त्यांतली काही ऐन उन्हाळ्यात मफलर गुंडाळून फिरतात. मीही त्यांतलाच होतो.

माझी नोकरी पशुधन पर्यवेक्षकाची, मुक्काम आटपाडीकडचा. वजन ११८ किलो, साखर वाढलेली, रक्तदाबाची गोळी चालू, आणि मोटारसायकलवरून उतरलं की गुडघे बोलायचे. एका गोठ्यात वासराला इंजेक्शन द्यायला वाकलो तो उठताच येईना. दोघांनी धरून उभा केला. त्या दिवसापासून जेवणाच्या वेळा बांधल्या, भात सोडला, रोज पहाटे ओढ्यापलीकडे आठ किलोमीटर चाललो. २६ महिन्यांत ७४ किलोवर आलो. कुणी हार घातला नाही. उलट लोक बायकोला बाजूला घेऊन विचारायचे, "काय निघालंय रिपोर्टमध्ये?" पोट आत गेलं तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं. गळा लोंबायला लागला तसा मी त्यांच्या लेखी आजारी झालो.

खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात तर एका व्यापाऱ्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "सायेब, बैल खिल्लार बघताय आन् पोळी गीर गाईची मिरवताय व्हय!" पोळी म्हणजे जनावराच्या गळ्याखाली लोंबणारं कातडं; खिल्लाराची आटोपशीर असते आणि गिरीची झुलते, हे मीच लोकांना शिकवलेलं. हसलो. घरी येऊन आरशात पाहिलं तर तो खोटं बोलला नव्हता.

हसण्यावारी न्यायचं एवढंच असतं तर तुमच्याकडे आलोच नसतो. घडीत घाम साठायचा, खाज सुटायची, बुरशी धरायची. मलम लावलं की पंधरा दिवस बरं, पुन्हा तेच. ब्लेड घडीत अडकून आठवड्यातून दोनदा तरी रक्त यायचं.

तुमच्याआधी मी पुण्यातल्या एका क्लिनिकात जाऊन आलो होतो. तिथं उष्णतेनं कातडी आवळणाऱ्या मशिनचे सहा सिटिंग घेतले. पॅकेज होतं, पैसे आगाऊ. सहाव्या सिटिंगनंतर त्यांनी आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी ठेवून दाखवले. दुसऱ्यात मी मान वर केली होती, बाकी फरक मला सापडला नाही. मग म्हणाले, आता चरबी विरघळवणारं इंजेक्शन घेऊ. तिथून मी परत आलो ते सरळ मिरजेला तुमच्याकडे.

तुम्ही आधी विचारलंत, "काका, काम काय करता?" मी सांगितलं तसा तुमचा चेहरा खुलला. मग गळ्याखालची कातडी अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरलीत, माझाही हात तिथं नेलात आणि म्हणालात, "तुम्हीच बघा, यात चरबी किती लागते हाताला?" काहीच लागत नव्हती, नुसती दुहेरी कातडी. "मग इंजेक्शननं विरघळवायचं काय?" अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळालेलं औषध आहे, खोटं नाही, पण ते हनुवटीखालच्या चरबीसाठी आहे, आणि आधीच सैल गळ्यातली उरलीसुरली चरबी काढली तर कातडी आणखी लोंबेल, हे तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. मशिनलाही तुम्ही नावं ठेवली नाहीत. थोडी सैल पडलेली कातडी त्या उष्णतेनं जराशी आवळते, तेही दोन-तीन महिन्यांनी दिसतं, पण अशी ओंजळभर लोंबणारी नाही. पुण्यात गेलेल्या पैशांचं दुःख त्या क्षणी दुप्पट झालं, पण डोकं हलकं झालं.

मी म्हटलं, वजन गेलं तर कातडी का नाही गेली? तुम्ही सायकलच्या ट्यूबचं उदाहरण दिलंत. कॅरिअरला वर्षानुवर्षं ताणून बांधलेली ट्यूब सोडली तरी मूळ मापाला येत नाही. कातडीतले ताणून परत येणारे तंतू तसेच तुटतात, विरळ होतात. त्यात वय, ऊन आणि तंबाखू. मी आयुष्यभर उन्हात हिंडलेला माणूस. तंबाखूचं नाव निघालं तसा खिशातल्या चंचीवर हात गेला, तो तुम्ही पाहिलात हे मला माहीत आहे.

आणि ती माशीची गोष्ट! जनावराच्या अंगावर माशी बसली की ते पाय न हलवता नुसतं कातडं थरथरवतं. मी हे रोज पाहतो. त्याच पातळ स्नायूचा उरलेला तुकडा माणसाच्या मानेत आहे, कातडीच्या लगेच खाली, हनुवटीपासून छातीपर्यंत पसरलेला, आणि माझा तो मधोमध फाकून दोन दोऱ्यांसारखा दिसतोय, असं तुम्ही म्हणालात. तीस वर्षं मी जनावरांची थरथर पाहिली आणि आपल्यालाही तो वारसा आहे हे मला पन्नाशीनंतर कळलं. त्या दिवशी परत जाताना एसटीत मी खिडकीच्या काचेत बघून दात विचकून गळा ताणत होतो. शेजारच्या बाईंनी जागा बदलली.

पण ऑपरेशनला तुम्ही चक्क नाही म्हणालात. वजन ७७ होतं आणि अजून उतरत होतं. ते एका जागी किमान सहा महिने थांबल्याशिवाय कापायचं नाही, नाहीतर शिवल्यावर पुन्हा सैल पडेल. हिमोग्लोबिन १०.२ निघालं. तुम्ही विचारलंत, काय खाता? मी अभिमानानं सांगितलं, एक भाकरी आणि पालेभाजी. तुम्ही कपाळाला हात लावलात. "काका, जखम भरायला प्रथिनं लागतात, ती काय मी टाक्यांतून घालू?" मग रोज दोन अंडी, मोड आलेली मटकी, दही, डाळ अशी यादी मिळाली आणि लोहाच्या गोळ्या. तंबाखू ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान एकेक महिना पूर्ण बंद, कारण निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि उचललेल्या कातडीची कड काळी पडते. मी म्हटलं, मग निकोटिनचं च्युइंगम चालेल? तुम्ही म्हणालात, "त्यात काय चिंचेचा कोळ असतो का?" बायको हा संवाद पाहुण्यारावळ्यांना अजून ऐकवते.

एक गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितली नाही. खर्चाचा आकडा ऐकल्यावर मी हळूच म्हटलं होतं की कागदावर असं काहीतरी लिहा की विमा मिळेल. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया पॉलिसीत वगळलेली असते, अपघात, भाजणं, कर्करोग किंवा खरी वैद्यकीय गरज असेल तरच, हे मी आधीच वाचून आलो होतो. तुम्ही रागावला नाहीत. "बुरशी मी पाहिली आहे, ती लिहीन. जे पाहिलं नाही ते नाही लिहिणार." बुरशीवर क्लेम मंजूर झाला नाही. पैसे घरातल्या ठेवीतून गेले. पण नोकरीत मलाही लोक मेलेल्या शेळीच्या दाखल्यात म्हैस लिहायला सांगतात, आणि नाही म्हणताना आवाज चढतो माझा. तुमचा चढला नाही.

नऊ महिन्यांनी परत आलो, ७४ वर सहा महिने टिकून, हिमोग्लोबिन १३ च्या वर. तेव्हा तुम्ही दोन वाटा समोर ठेवल्यात. एक, समोरूनच हनुवटीखालची जादा कातडी काढून नागमोडी शिवण घालायची. काम लवकर आटोपतं, पण व्रण समोर दिसतो. शिवण सरळ का नाही, हे मला सांगावं लागलं नाही. सरळ व्रण आकसून दोरीसारखा ताणतो, हे जनावरांच्या जखमा शिवून माहीत होतं. दुसरी वाट, हनुवटीखाली छोटा छेद घेऊन स्नायूच्या दोन कडा पोत्याचं तोंड शिवावं तशा मधोमध जोडायच्या आणि कातडी दोन्ही बाजूंनी कानामागं ओढून तिथली कापायची. जास्त वेळ, पूर्ण भूल, पण व्रण झाकलेले. निर्णय माझ्यावर सोडलात. तो अर्थात बायकोनं घेतला. "समोर शिवण नको, लोक विचारतील गळा कुणी कापला."

तुम्ही आणखी दोन गोष्टी बजावल्यात. "बारा आणे देईन, सोळा आणे मागू नका. तुमची कातडी थकलेली आहे, थोडी परत सुटेल." आणि दुसरी, "दाढीची कातडी कानामागं सरकणार, तेव्हा पुढं तिथंही दाढी करावी लागेल." ही दुसरी मला थट्टा वाटली.

आता ऑपरेशनच्या रात्रीबद्दल. दिवसभर ठीक होतं. भुलीनंतर मळमळ होती, रात्री उलटी झाली आणि रक्तदाब चढला. तासाभरात डावी बाजू दगडासारखी लागायला लागली. ड्युटीवरचे ब्रदर दर थोड्या वेळानं हात लावून बघत होते, त्यांनी लगेच तुम्हाला फोन केला. तुम्ही दोन वाजता आलात, चपला वेगवेगळ्या जोडीच्या होत्या. तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की पुरुषांच्या दाढीच्या कातडीला रक्तपुरवठा जास्त, म्हणून आत रक्त साठण्याची भीती बायकांपेक्षा जास्त. तेच झालं होतं. तुम्ही बायकोसमोर खुर्ची ओढून बसलात आणि नेमकं काय झालंय, ते का उघडावं लागेल, थांबलं तर वरची कातडी कशी मरेल, सगळं सांगितलंत. मग मला परत आत नेलंत आणि साठलेलं रक्त काढलंत. त्या पाऊण तासाचं तुम्ही वेगळं बिल लावलं नाहीत हे मला नंतर कळलं. त्या ब्रदरांनाही माझा नमस्कार सांगा. आठवडाभर मी त्यांना 'भाऊ' म्हणत होतो आणि नाव विचारायचं राहूनच गेलं.

पुढचं बहुतेक तुमच्या सांगण्याबरहुकूम झालं. दोन उशांवर झोपलो, पट्टा बांधला, मान वळवायची तर सगळं अंग वळवलं. सूज तिसऱ्या आठवड्यात उतरली. कानाची पाळी पाच महिने बधिर होती. मोबाईल कानाला लावला की तो दुसऱ्याच कुणाच्या तरी कानाला लावल्यासारखा वाटायचा. आता डावीकडे थोडी जाणीव कमी आहे, तेवढी चालते. सहाव्या महिन्यात हनुवटीखाली जरा सैल पडलं, आणि मी आरशासमोर हिशेब केला. बारा आणे भरले. कदाचित साडेबारा. बुरशी गेली, मफलर पोराला दिली. तंबाखू? खरं सांगतो, एकदा लग्नात घेतली, तेवढीच.

आता तुमच्या थट्टेचं सांगतो. गेल्या महिन्यात आमच्या सलूनमध्ये कटिंगला बसलो होतो. पोरगं नवीन होतं. मशीन कानामागं नेलं आणि थबकलं. दोन-तीनदा वाकून बघितलं, बोट फिरवलं, आणि शेवटी न राहवून म्हणालं, "काका, कानामागं दाढी? ही कुठली?"

म्हटलं, "मिरजेची."

आपला नम्र,
आटपाडीकडचा तुमचा पेशंट