सीझिनकोटच्या वाड्याची आणि बागेची मराठी पुस्तिका : सहकार्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशर परगण्यात, मॉर्टन-इन-मार्श या गावापासून जवळच, सीझिनकोट नावाची एक जुनी जहागीर आहे. कॉट्सवोल्डच्या टेकड्यांत मेंढ्यांची कुरणे आणि ओकची झाडे ओलांडून गेल्यावर समोर एकदम तांब्याचा हिरवट कांदेघुमट, छज्जे आणि कोपऱ्यांवरच्या छत्र्या दिसू लागतात, आणि पहिल्यांदा येणारा माणूस क्षणभर रस्ता चुकल्यासारखा थांबतो. या वाड्याची आणि त्याच्या बागेची सचित्र माहितीपुस्तिका मराठीत काढण्याचे आमच्या मराठी मंडळाच्या स्थानिक इतिहास समितीने ठरवले आहे. त्यासाठी निधी, कागदपत्रे आणि श्रम अशा तिन्ही प्रकारच्या मदतीची विनंती करण्यासाठी हे पत्र आहे. सीझिनकोट ही खासगी मालमत्ता आहे. आम्ही तिच्या मालकांच्या वतीने काही मागत नाही, आणि जमणारा निधी वाड्याच्या दुरुस्तीसाठी नसून केवळ पुस्तिकेसाठी आहे, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो.

ही कल्पना मंडळाच्या उन्हाळी सहलीत सुचली. बागेच्या वरच्या टोकाला एक तळे असून त्याच्या काठावर सूर्याचे छोटे देवालय आहे. आमच्या एका सदस्याच्या आई, वय ७८, तळ्याच्या अलीकडेच थांबल्या, त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि विचारले, "इथे पूजा कोण करतं?" पूजा कोणीच करत नाही आणि हे देऊळ पूजेसाठी बांधलेलेही नव्हते, एवढे आम्हाला सांगता आले. मग ते कशासाठी बांधले, कोणी आणि कोणाच्या पैशाने, या त्यांच्या पुढच्या प्रश्नांना आमच्यापैकी कोणालाही नीट उत्तर देता आले नाही. त्यानंतर आम्ही वाचायला घेतले, तेव्हा या बागेची एक वाट थेट पुण्याला आणि घारापुरीला जाते, असे लक्षात आले.

बंगालमधून परतलेल्या कर्नल जॉन कॉकरेल यांनी ही जहागीर १७९५ मध्ये विकत घेतली. १७९८ मध्ये ते वारले आणि पुढे ती त्यांचे धाकटे बंधू चार्ल्स यांच्याकडे आली. चार्ल्स यांनीही ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आणि कलकत्त्याच्या व्यापारी पेढीत मोठी संपत्ती मिळवली होती. नवा वाडा बांधण्याचे काम त्यांनी आपलेच भाऊ सॅम्युअल पीप्स कॉकरेल यांच्याकडे सोपवले. वॉरन हेस्टिंग्ज यांचे जवळच असलेले डेल्सफर्डचे घर याच वास्तुविशारदाने आधी बांधले होते. सीझिनकोटची उभारणी साधारण १८०५ च्या सुमाराची, म्हणजे आसईच्या लढाईनंतर अवघ्या दोन-तीन वर्षांची. ज्या सत्तेच्या जोरावर हा पैसा इंग्लंडात आला, तीच सत्ता त्या वेळी दख्खनमध्ये मराठ्यांशी लढत होती. वाड्याचे सौंदर्य सांगताना ही बाजू पुस्तिकेतून वगळायची नाही, असे समितीत एकमताने ठरले आहे.

वास्तूबद्दल सांगायचे तर बाहेरून सगळा थाट मोगली धाटणीचा आहे. घुमट, खोल सावली पाडणारा छज्जा, मोराच्या पिसाऱ्यासारख्या महिरपी असलेल्या खिडक्या आणि बाजूला कमानीसारखी वळत गेलेली, टोकाला अष्टकोनी दालन असलेली काचेची ऑरेंजरी, म्हणजे थंडीत संत्र्यासारखी झाडे ठेवण्याचे दालन, असे या वाड्याचे रूप आहे. आत पाऊल टाकले की हिंदुस्थान संपतो आणि त्या काळच्या इंग्रज श्रीमंतांना आवडणारी ग्रीक-रोमन वळणाची दालने सुरू होतात. आमच्या मते, अंगरखा हिंदुस्थानी आणि संसार इंग्रजी असे हे घर आहे. पुढे जॉर्ज चौथा म्हणून गादीवर आलेल्या युवराजाने १८०७ मध्ये ते पाहिले, आणि ब्रायटनच्या रॉयल पॅव्हेलियनला जॉन नॅश यांनी १८१५ नंतर जे रूप दिले त्यामागे या भेटीचा वाटा असल्याचे मानले जाते.

बागेचे मात्र सविस्तर सांगायला हवे. प्रसिद्ध उद्यानरचनाकार हम्फ्री रेप्टन यांचा सल्ला इथे घेतला गेला होता, पण देऊळ, पूल आणि नागाचे तळे हे सारे चित्रकार थॉमस डॅनियल यांच्या कल्पनेतले. १७८६ पासून डॅनियल आपल्या पुतण्यासह हिंदुस्थानभर फिरले आणि १७९३ मध्ये मुंबईला पोहोचले. तिथे त्यांची गाठ जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराशी पडली आणि त्यांच्यामुळे घारापुरी, कान्हेरी व कार्ले इथली लेणी त्यांना पाहता आली. हे वेल्स म्हणजे पुण्यात राहून सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे रंगवणारे वेल्स. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्या पुढाकाराने पुण्यात जी चित्रशाळा सुरू झाली, तिच्याशी वेल्स आणि मराठी चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट ही दोन्ही नावे जोडलेली आहेत. वेल्स १७९५ मध्ये वारले. त्यांनी काढलेली वेरूळची चित्रे डॅनियल यांनी १८०३ मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्यांच्याच रेखाटनांवरून पेशव्यांच्या दरबाराचे मोठे तैलचित्र १८०५ मध्ये पूर्ण केले. सीझिनकोटचा वाडा उभा राहत होता तो हाच काळ.

म्हणूनच त्या पुलाखाली उतरल्यावर मराठी माणूस चमकतो. वर कठड्यावर नंदी बसलेले आहेत. खाली ओहोळाच्या पाण्यात पाय ठेवण्यापुरते दगड मांडले आहेत आणि पुलाला आधार देणारे आखूड, जाडजूड खांब घारापुरीच्या खांबांची आठवण करून देतात. त्या दगडांवरून तोल सांभाळत पुढे गेले की खोडाला वेटोळे घातलेला तीन तोंडांचा नाग दिसतो. या नंदींच्या जागेवरून एकदा चर्चा झाली, तेव्हा १८११ च्या एका पत्रात डॅनियल यांनी लिहिले, की देवांचा कारागीर विश्वकर्मा जरी सीझिनकोटला डोकावून गेला, तरी तोही नंदी आहेत तिथेच राहू द्या म्हणेल. देवळातला सूर्य भट्टीत भाजलेल्या कोड स्टोन या कृत्रिम दगडाचा आहे. कॉट्सवोल्डच्या पावसात खऱ्या सूर्यापेक्षा त्याचेच दर्शन अधिक खात्रीने होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वाड्याची आणि बागेची आबाळ झाली होती. १९४४ मध्ये क्लाइनवर्ट कुटुंबाने ही मालमत्ता घेऊन तिची डागडुजी केली. वाड्यासमोरची पाण्याच्या पाटाची चारबाग, म्हणजे चार भागांत आखलेली मोगली धाटणीची बाग, १९६८ ची आहे. सहलीत आम्ही सर्वांनी तीच सर्वांत जुनी समजून तिथे छायाचित्रे काढली होती.

पुस्तिका ६४ पानांची असेल आणि तिच्या ५०० प्रती छापायचा विचार आहे. छपाई, बागेचा नकाशा नव्याने काढून घेणे आणि संग्रहालयांतील चित्रे वापरण्याचे शुल्क धरून सुमारे १,८०० पौंड लागतील. त्यांपैकी ६०० पौंड मंडळाने आपल्या शिलकीतून दिले आहेत. उरलेल्या रकमेसाठी आपण यथाशक्ती देणगी द्यावी, ही विनंती. ५ पौंडांचीही पावती मिळेल. २५ पौंड किंवा त्याहून अधिक देणाऱ्यांना एक प्रत घरपोच पाठवू, आणि हिशेब वार्षिक सभेत मांडू.

पैशांइतकीच निकड माहितीची आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबे १९७० आणि १९८० च्या दशकांत या भागात येऊन गेली आहेत. कोणाच्या अल्बममध्ये बागेची जुनी छायाचित्रे असतील तर ती मूळ प्रत न देता स्कॅन करून द्यावीत, आणि मागे वर्ष लिहिलेले असल्यास त्या बाजूचेही चित्र जोडावे. जुने इंग्रजी हस्ताक्षर वाचू शकणारे दोघे आणि वृक्षांची नावे मराठीत नीट सांगू शकणारे कोणी वनस्पतिशास्त्राचे जाणकार आम्हाला हवे आहेत. 'यू'सारख्या झाडाला मराठीत काय म्हणावे, यावर समितीच्या दोन बैठका खर्ची पडल्या असून निर्णय अजून झालेला नाही. पुण्यात किंवा मुंबईत राहणाऱ्या वाचकांपैकी कोणी घारापुरीच्या खांबांची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून पाठवली, तर पुलाखालच्या खांबांशेजारी ती छापता येतील. छायाचित्रात उंचीचा अंदाज यावा म्हणून खांबालगत माणूस उभा असावा, पण हात लावून किंवा टेकून नव्हे.

देणगी मंडळाच्या नेहमीच्या खात्यात 'सीझिनकोट पुस्तिका' असा उल्लेख करून जमा करावी, आणि छायाचित्रे व कागदपत्रे दिवाळी कार्यक्रमाच्या दिवशी समितीच्या टेबलावर द्यावीत. त्या टेबलापाशी सूर्याच्या देवळाची पूजा कोण करते असे विचारणाऱ्या आजीही बसणार आहेत. पुस्तिकेचा पहिला खर्डा आधी त्यांनाच वाचायला द्यायचा असल्याने तो नोव्हेंबरअखेर पुरा व्हायला हवा.

आपली,
स्थानिक इतिहास समिती