बॅजवरचं शून्य

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मी ठेवला. रेंज गेली नव्हती. आईनं तुला तसं सांगितलं असेल, ती सांगतेच. तू विचारलंस, "बाबा, तुमचे जुने डोस रेकॉर्ड कुठं आहेत?" म्हणजे कामावर अंगावर किती किरणं पडली त्याचे कागद, आणि मला काय बोलावं ते सुचेना, म्हणून लाल बटण दाबलं. तोंडावर जमलं नाही ते कागदावर जमतंय का बघतो.

माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय. मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या बाजूला धरलाय. डॉक्टर म्हणाले, साखर, वय, एखादं औषध, कशानंही होतं. मी आधी काय काम करायचो ते मी त्यांना सांगितलं नाही. तू मात्र "मागच्या बाजूला" एवढं ऐकून गप्प झालीस. किरणांनी होणारा मोतीबिंदूही तिथंच धरतो, हे तुला माहीत. तुझी ती शांतता मला कळली.

रेकॉर्ड निळ्या ट्रंकेत आहेत, सगळे. आणि दिसायला फार छान आहेत. शून्य, शून्य, जरासं काही, परत शून्य. कुणी बघितलं तर म्हणेल केवढा शिस्तीचा माणूस!

त्याच फोनवर, तो प्रश्न विचारायच्या आधी, तू हौसेनं सांगितलंस की या तिमाहीतही तुझा डोस शून्य आला. बापानं खूश व्हायला हवं होतं. माझ्या पोटात गोळा आला. बॅज लावतेस ना, तो डोस मोजणारा? लावून ठेवतेस ना दिवसभर? हे विचारायचं नाही असं ठरवून पत्राला बसलो होतो, आणि दुसऱ्याच पानावर विचारून मोकळा झालो.

आता ऐक. आमचं काम तुला वरवर माहीत आहे. पाइपच्या वेल्डिंगवर एका बाजूनं फिल्म लावायची, दुसऱ्या बाजूला इरिडियम-१९२ आणायचा, म्हणजे किरणं सोडणारा आमचा सोर्स. तो एरवी कॅमेऱ्यात असायचा, म्हणजे त्या जड डब्यात. लांब उभं राहून क्रँक फिरवला की केबल सोर्सला ट्यूबमधून पुढं ढकलते, आणि उलटा फिरवला की आत घेते. हे सगळं रात्री, कारण आजूबाजूला माणूस नको. दोरी, लाल दिवे आणि आम्ही दोघं-तिघं. फिल्म तुला आठवतील. आठ वर्षांची होतीस. खिडकीच्या काचेवर फिल्म धरून मी विचारायचो, "यात पोकळी कुठं आहे?" आणि तू बरोबर काळ्या ठिपक्यावर बोट ठेवायचीस. दादाला कधीच दिसला नाही तो ठिपका. मी तेव्हाच आईला म्हटलं होतं, ही पोरगी न दिसणारं बघणार.

भरकटलो. तर, बॅजचा आकडा वर गेला की माणसाला सोर्सच्या कामावरून काढून दुसरीकडे बसवायचे. नियम बरोबरच होता. पण दुसरीकडे बसवलं की रात्रपाळीचा भत्ता बंद. दादा दोन वर्षांचा होता, आत्याच्या आजारपणाचं वर्ष होतं. साइट ऑफिसात एक ड्रॉवर होता. पाळीवर जाताना आम्ही पाच जण आपापले बॅज त्यात ठेवून जायचो. ओळीनं, क्लिपा एका बाजूला करून. झोपलेल्या पोरांसारखे दिसायचे. सुपरवायझरला माहीत होतं. तोही तिथंच लिहायचा पेन ठेवायचा, रोज तो ड्रॉवर उघडायचा.

एका रात्री सोर्स ट्यूबच्या वळणात अडकला. क्रँक पूर्ण फिरला असं मला वाटलं. किरणं दाखवणारा सर्व्हे मीटर जीपमध्ये राहिला होता, कारण त्याची बॅटरी संपत आली होती, कारण नवी मागवून महिना झाला होता. अशी कारणांची माळ असते बघ, प्रत्येक मणी साधाच. मी सरळ चालत गेलो, फिल्म सोडवली, आणि ट्यूब का वाकलीय म्हणून खाली वाकून बघायला लागलो. मागून जोडीदार ओरडला, "मीटर! मीटर कुठाय?" मग पळालो. खिशात पेन डोसिमीटर होता, पेनासारखा, डोस तिथल्या तिथं दाखवणारा. दिव्याकडे धरून आत बघितलं तर ती केसासारखी रेघच दिसेना. पट्टीच्या बाहेर गेली होती.

बॅज ड्रॉवरमध्ये होता. तिमाहीचा अहवाल आला: शून्य.

पेन पडला होता, पडल्यानंही रेघ सरकते, असं मी सांगितलं. लगेच पटलं सगळ्यांना. पुढं पंधरा दिवस रोज सकाळी तळहात लाल झालेत का बघायचो. आईला वाटलं मला भविष्य बघायचं वेड लागलं. काही झालं नाही. म्हणजे दिसण्यासारखं काही झालं नाही, हे वाक्य तूच मला शिकवलंस.

म्हणून सांगतो, सोर्सच्या जवळ जायची वेळ आली तर आधी मीटर, मग पाय. अंतर दुप्पट केलंस तर डोस चौथ्या हिश्श्यावर येतो. २० क्युरी ताकदीचा इरिडियम उघडा असेल तर एक मीटरवर डोस ताशी साधारण १०० मिलीसिव्हर्ट, म्हणजे वर्षाची २० ची मर्यादा बारा मिनिटांत संपली. आणि मर्यादा म्हणजे काही उंबरठा नव्हे, की अलीकडे सगळं ठीक आणि पलीकडे… जाऊ दे. कुणाला शिकवतोय मी! तू हे पोरांना फळ्यावर काढून दाखवतेस. माफ कर. बापाला वेळ, अंतर, आडोसा एवढे तीनच शब्द येतात आणि तो तेच उगाळतो.

तू मला हॅम्बुर्गच्या त्या स्मारकाचा फोटो पाठवला होतास. एक्स-रे आणि रेडियमपायी गेलेल्यांची १६९ नावं, १९३६ साली उभारलेलं. मी तो बराच वेळ बघत बसलो होतो. एडिसनचा तो मदतनीस, क्लॅरेन्स डॅली, एक्स-रेच्या नळीसमोर स्वतःचा हात धरून बघायचा, १९०४ मध्ये गेला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण १९२८ मध्ये स्टॉकहोमला तुमची ती किरणांपासून बचावाची आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली. त्यानंतर साठ वर्षांनी मी ड्रॉवर उघडत होतो. मला सगळं सांगितलेलं होतं, सही घेऊन सांगितलेलं होतं. आमच्या वेळी वर्षाला ५० मिलीसिव्हर्टची मर्यादा होती, पुढं २० वर आली. डोळ्याची १५० होती, तीही २०११ मध्ये २० वर आणा म्हणून सांगितलं गेलं. आपण ज्यात निर्धास्त होतो ते नंतर जास्त होतं असं कळलं, की माणूस जुने कागद काढून बसतो.

तू हे किरणांपासून बचावाचं शिकायचं ठरवलंस तेव्हा मी विरोध केला. आठ दिवस बोललो नाही. तुला वाटलं मला किरणांची भीती वाटते. आत्यालाही तेच वाटलं होतं. तिला तू समजावलंस की कुठंही बसलं तरी निसर्गाकडूनच वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळतात. आता ती ते सगळ्यांना सांगत फिरते, आकडा दर वेळी वेगळा. मला भीती किरणांची नव्हती. ते कॅमेऱ्याच्या बाहेर आले की मीटर ओरडतो. ड्रॉवर ओरडत नाही.

त्या दिवशी तू सांगितलंस, कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रे चालू ठेवून हृदयाच्या नळ्यांचं काम करतात तिथं, मोठ्या डॉक्टरांचा लेड म्हणजे शिशाचा एप्रन खुंटीवर होता आणि बॅज त्या एप्रनलाच. ते आत केस करताहेत, दुसराच एप्रन घालून. तू बाहेरून सांगितलंस, बॅज लावा आणि वरची शिशाची काच खाली ओढा, पेशंटच्या अंगावरून उडणारं सगळं तुमच्या डोळ्यांवर येतंय. ते म्हणाले, मी काम करू की तुझे कागद सांभाळू? तू काच खाली येईपर्यंत दारातून हलली नाहीस. मी आईला ते तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, कळलं हो. पण रात्री झोप लागेना. ते रागावले, पुढं तुला त्रास दिला तर? आणि दहा वर्षांनी तूच कंटाळलीस तर? माणूस एकदम बॅज काढून ठेवत नाही गं. एक दिवस घाईत राहतो, दुसऱ्या दिवशी त्याशिवायही काही झालं नाही हे लक्षात येतं.

तुझं शून्य खरंच असणार. तू काचेच्या बाहेर असतेस, मला कळतं. पण इतरांची शून्यं तुझ्याच टेबलावर येतील. ज्याच्याकडे सगळ्यात जास्त केस आणि आकडा काहीच नाही, त्याच्याकडे आधी जा. आणि जाशील तेव्हा रागावून जाऊ नकोस. आकडा वर गेला तर त्या माणसाचं नुकसान काय होतं, ते आधी विचार. आम्हाला ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं का, माहीत नाही.

ऑपरेशनला यायची गरज नाही, दादा आहे. ट्रंकेची किल्ली घड्याळामागे. त्या रात्रीचं आईला माहीत नाही; तिच्याशी बोलताना रेंजच गेली होती.

तुझा,
बाबा

ता. क. हिशेब करणारच असशील, तर: सोर्स अंदाजे २० क्युरी. मी सुमारे एक मीटरवर, तीन मिनिटं, जास्तच धर. वाकलो ते अर्धा मिनिट, तोंड ट्यूबपासून हातभर. अशा अडकलेल्या रात्री एकूण दोन. दुसरी लहान होती. बिनबॅजच्या साध्या पाळ्या मोजल्या नाहीत, वर्षं लिहून ट्रंकेत ठेवतो. मी हा हिशेब कधी केला नाही.