वहीत न आलेल्या ओळी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं औषधं घेतली का, झोप लागली का, इथवर येतं आणि थांबतं. म्हणून लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा, जमलं तर मोठ्याने.

बाबा, आधी कबुली देते. मागच्या खेपेला वीजबिल शोधताना तुमच्या टेबलाच्या खणात निळ्या पुठ्ठ्याची वही सापडली. मी ती वाचली. दादाचा शेवटचा आठवडा तुम्ही पेन्सिलीने वारानुसार लिहून काढलाय. 'सोमवार. रात्री उशिरापर्यंत त्याच्या खोलीत दिवा. उठून गेलो नाही.' 'मंगळवार. अर्धं ताट टाकून उठला. रागावलो.' 'बुधवार. काहीतरी बोलायला आला होता. मी बातम्या बघत होतो.' मंगळवारची ओळ इतक्या वेळा खोडून पुन्हा लिहिलीय की तिथला कागद विरलाय. मी खण लावून घेतला आणि तुम्हाला काहीच बोलले नाही. १४ महिने आपण तिघं हेच करत आलोय.

आई, तुझी वही नाही, पण एक वाक्य आहे. "तुम्ही त्या दिवशी त्याला बोलला नसतात तर..." पहिल्या महिन्यात एकदाच म्हणालीस. बाबा गप्प राहिले, तूही पुन्हा काढलं नाहीस, पण तेव्हापासून तुम्ही एकमेकांकडे बघून बोलत नाही. दादाने जीव दिला, पण लोकांना तू अजून 'हार्ट अटॅक' सांगतेस. तुला दोष देत नाहीये. फक्त खोटं सांभाळायचं म्हटलं की रडायलाही हिशेबाने रडावं लागतं, ते मला दिसतं.

आता माझं. गुरुवारी रात्री दादाचा फोन आला होता. मी कामात होते. 'उद्या करते' असा मेसेज टाकला आणि त्याने अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. ते चिन्ह मी रोज उघडून बघते. हे मी आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या सहा महिन्यांपासून समुपदेशकाकडे जातेय, तिथेही चौथ्या भेटीत तोंडातून निघालं.

त्यांनी मला एका प्रयोगाबद्दल सांगितलं. १९७५ साली बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने लोकांना एका जुन्या युद्धाची हकिकत वाचायला दिली होती. काहींना शेवट सांगितला, काहींना नाही. ज्यांना शेवट माहीत होता त्यांना वाटलं, हे असंच होणार होतं, आम्हाला आधी विचारलं असतं तरी ओळखलं असतं. ज्यांना माहीत नव्हता त्यांना तसं काही दिसलंच नाही. बाबा, तुमची वही शेवट माहीत झाल्यावर लिहिलेली आहे. त्यात फक्त शेवटाकडे जाणाऱ्याच ओळी उरल्यात.

त्याच मंगळवारी दुपारी दादाने मला पुढच्या महिन्याच्या तिकिटांचं विचारलं होतं, खिडकीची जागा हवी म्हणाला. बुधवारी त्याने तुमचा चष्मा दुरुस्त करून आणला. आई, गुरुवारी सकाळी तू त्याच्या कुठल्याशा नकलेवर इतकी हसलीस की फोनवर मलाही ऐकू आलं. या ओळी वहीत का नाहीत? त्याही तितक्याच खऱ्या होत्या. आपण रोज जे बघत होतो ते हे सगळं मिळून होतं.

मग तो खोटं हसत होता का, हा प्रश्न मला फार छळायचा. मला आता तसं वाटत नाही. एडविन श्नायडमन या मानसशास्त्रज्ञाने माणसं जीव का देतात याच विषयावर आयुष्यभर काम केलं. १९९३ मध्ये त्याने तिथवर नेणाऱ्या असह्य मानसिक वेदनेसाठी एक वेगळा शब्दच घडवला. त्याचं म्हणणं असं की माणसाला मरण हवं असतं त्यापेक्षा ती वेदना थांबायला हवी असते, आणि त्या घडीला मन इतकं आक्रसतं की दुसरी वाटच दिसत नाही. आपण तिघं दारापलीकडे होतो, पण त्या घडीला त्याला दारच दिसत नव्हतं. एका बोलण्याने, एका न घेतलेल्या फोनने माणूस तिथवर पोचत नाही. आजार, थकवा, कामातली बोलणी, कित्येक वर्षांचं काहीबाही, सगळं गुंतलेलं असतं, आणि त्यातलं पुष्कळ आपल्याला कधीच कळणार नाही.

मला वाटतं, आपला शब्दसुद्धा आपल्याला फसवतो. आत्महत्या. हत्या म्हटली की मन लगेच गुन्हेगार शोधायला लागतं. सापडला नाही तर स्वतःलाच उभं करतं.

बाबा, तुमचं काहीच चुकलं नाही असं मी म्हणणार नाही, तुम्हाला ते पटणारही नाही. तुम्ही रागावलात. मी फोन टाळला. ही चूक आहे, तिचं वाईट वाटू दे. पण चूक म्हणजे कारण नव्हे. दर घरात बाप रागावतो, बहीण उद्या करते म्हणते, आणि उद्या येतो. कधीकधी वाटतं, अपराध कवटाळून धरणं त्यातल्या त्यात सोपं आहे, कारण मग निदान आपल्या हातात काहीतरी होतं असं मानता येतं. हातात नव्हतं, हे सोसायला जास्त कठीण. आणि हो, मला दादाचा रागही येतो. सांगून टाकते. राग आला म्हणून माया कमी झालेली नाही.

आई, परवा तू म्हणालीस, "आता जगून तरी काय करायचंय." मी विषय बदलला. ते मात्र परत करणार नाही. सरळ विचारते, तुला जीव द्यावासा वाटतो का? असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आपल्यासारख्या घरांतल्या माणसांना हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून विचारतेय, तुम्हालाही, बाबा. उत्तर हो असेल तर शनिवारची वाट बघू नका, रात्री-अपरात्री कधीही फोन करा. मी उचलीन, आणि आपण त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊ. याच दुःखातून गेलेल्यांचा एक गट भरतो, समुपदेशकांनीच सुचवला. मी दोनदा जाऊन आले. तिथे हार्ट अटॅक म्हणावं लागत नाही. पुढच्या वेळी आई, तू माझ्याबरोबर चल. आत काही बोलली नाहीस तरी चालेल.

शनिवारी येतेय. बाबा, वही खणातून काढून टेबलावर ठेवा, पेन्सिलही. तिकिटांची, चष्म्याची आणि नकलेची ओळ आपण तिघं मिळून लिहू. गुरुवारची फोनची ओळ माझी आहे, ती मी माझ्या हाताने लिहीन.

तुमची,
ताई