सोळा जणांचा चीन आणि मधला एक गुरुवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बोलायला घेतलं की आई दूध उतू जातंय म्हणून उठते आणि बाबा "बरं बरं, तू म्हणशील तसं" म्हणून विषय मिटवतात. म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. बाबा, याची मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून घ्या आणि रविवारी फिरून आल्यावर कट्ट्यावर सगळ्यांना वाचून दाखवा. घरगुती ओळी गाळल्यात तरी चालेल.

आधी चीनच्या सहलीचं ते पत्रक. तुम्ही फोटो पाठवलात ते मी दोनदा वाचलं. आठ दिवसांत सहा शहरं, आणि मधे "जेड कारखान्यास भेट", "रेशीम केंद्रास भेट", "पारंपरिक वैद्याकडून पायांची तपासणी". या सगळ्या भेटी म्हणजे दुकानं. सहल इतकी स्वस्त का, त्याचं उत्तर त्यातच आहे. सक्तीच्या खरेदीविरुद्ध चीनने २०१३ मध्येच पर्यटन कायद्यात तरतूद केली, पण "सक्ती" आणि "भेट" यांतलं अंतर आपल्याला चांगलं माहीत आहे. मागच्या सहलीत खड्यांच्या दुकानात दोन तास बसवून ठेवलं होतं, आणि आई बसमध्येच बसते म्हणाली तर ड्रायव्हर दार लावून जेवायला निघून गेला होता. आई तो किस्सा अजून पाहुण्यांना सांगते. तेव्हा हे पत्रक रद्दीत. सोळा जण आहोत, स्वतःची बस आणि स्वतःचा गाइड परवडतो. मी रजा टाकलीय, मीही येतेय.

तारखा. एप्रिल मला आधी आवडला होता, सोलापूरच्या उन्हातून सुटका म्हणून. पण एप्रिल-मेमध्ये बीजिंगभर विलो आणि पॉपलर झाडांचा कापूस उडतो. अक्षरशः पिंजलेल्या गादीसारखा रस्त्याच्या कडेला साचतो. बाबांचा दमा घेऊन त्यात जायचं नाही. १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा त्यांच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीचा, त्या दिवसांत अख्खा देश बाहेर पडतो. यंदा अधिक महिन्यामुळे आपले सण उशिरा आलेत, ते पथ्यावर पडलंय. दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. म्हणजे २२ ला दिल्लीहून निघायचं आणि ४ नोव्हेंबरला घरात. आई, घट उठलेले असतील, सीमोल्लंघन खरोखरचं होईल. चकलीची भाजणी जायच्या आधी दळून ठेव, बाकीचं फराळ आल्यावर दोघी मिळून करू. कोजागिरी मात्र बीजिंगमध्ये. मसाल्याची पुडी तू घे, दूध मी मिळवते.

२०२० पासून बंद पडलेली थेट विमानं गेल्या ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाली, त्यामुळे हाँगकाँग-बँकॉकला रात्र काढायची गरज नाही. दिल्लीहून शांघायला उतरायचं आणि परत येताना ग्वांगझोहून दिल्ली. आल्या वाटेने परत फिरायचं नाही, सरळ पुढे पुढे जात राहायचं.

शांघायचे दोन दिवस विश्रांतीचेच समजा. घड्याळ अडीच तास पुढे जातं, पहिल्या रात्री कुणाला झोप लागणार नाही. संध्याकाळी नदीकाठच्या बंडवर उभं राहायचं, एका हाताला शंभर वर्षांपूर्वीच्या बँकांच्या दगडी इमारती, समोर नदीपलीकडे ६३२ मीटरचा शांघाय टॉवर. वर जायचं तिकीट काढू नका, खालूनच जास्त छान दिसतो. मग २५ तारखेला रेल्वेने बीजिंग. १,३१८ किलोमीटर, साधारण साडेचार तास. बाबा, तुम्ही हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला येता त्याहून फार जास्त वेळ नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सोमवारी बादशहांचा राजवाडा (फॉरबिडन सिटी) बंद असतो, हे पत्रकवाल्यांच्या गावीही नव्हतं, त्यांनी नेमका सोमवारच धरला होता! म्हणून सोमवारी भिंत आणि मंगळवारी राजवाडा. भिंतीसाठी बादालिंग नको, तिथे तुळजापूरला पौर्णिमेला असते तशी रांग. आपण मुतियान्यूला जाऊ. केबल कारने वर जाता येतं, तरी पुढे थोड्या पायऱ्या आहेतच. दोन बुरुजांमधलं अंतर चालायचं, पलीकडे डोंगराच्या धारेवरून जाणारी भिंत बघायची, बसायचं, उतरायचं. तिथे खाली यायला एक घसरगुंडी पण आहे. बाबा, नाही.

राजवाड्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण गुडघ्यांचा खरा कस तिथे आहे. मी कंपनीच्या कामाला गेले होते तेव्हा शेवटच्या दिवशी एकटीच गेले होते. मिंग बादशहा योंगल याने १४०६ ते १४२० या काळात तो बांधून घेतला. दक्षिणेच्या दारातून आत, उत्तरेच्या दारातून बाहेर, मधे जवळजवळ एक किलोमीटर फरशी. मागे फिरून आल्या दाराने बाहेर पडता येत नाही. बस दारापर्यंत येत नाही, तपासणीच्या रांगेचं चालणं वेगळं. आणि प्रत्येक दाराला उंबरठा, आपल्या जुन्या वाड्यासारखा, पण घोट्यापेक्षा कितीतरी वर. आई, प्रत्येक उंबरठ्याला माझा हात धरायचा, "मला येतं गं" म्हणायचं नाही. बहुतेक लोक मधल्या तीन मोठ्या दालनांसमोर गर्दी करतात आणि आत डोकावून सिंहासनाचा फोटो काढतात. आपण बाजूच्या अंगणांत जाऊ. मी तिथल्या एका अंगणात अर्धा तास बसले होते. पिवळी कौलं, लाल भिंतीचा उडालेला रंग, झाडाखाली एक म्हातारे गृहस्थ स्वतःच्या काचेच्या बाटलीतला चहा पीत होते, बाटलीत तळाला पानं तरंगत होती. मला बाबाच आठवले.

बुधवारी सकाळी स्वर्गमंदिराची बाग. देवळापेक्षा बाग महत्त्वाची. तुमच्याच वयाची माणसं तिथे पत्ते खेळतात, नाचतात, गातात, कुणी पाण्यात बुडवलेल्या मोठ्या कुंचल्याने फरशीवर अक्षरं काढतं आणि ती वाळून जातात. आपल्या कट्ट्याला तिथे परकं वाटणार नाही.

आता जांगज्याजेचा वाद. बँकेतल्या काकांना तिथला काचेचा पूल हवाय, त्यांनी व्हिडिओ पाठवून पाठवून ग्रुप भरून टाकलाय. दगडी सुळके सुंदर आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण तो भाग वाट वाकडी करून, लिफ्टच्या आणि बसच्या रांगांत दोन-तीन दिवस घालवण्याचा आहे. निसर्गासाठी आपण ग्वेलीनला जातोच आहोत. ली नदीतून यांगश्वोपर्यंत चारेक तास बोट, दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे डोंगर, आणि चालायचं शून्य. त्यांच्या वीस युआनच्या नोटेच्या मागे जे चित्र आहे ते तिथल्याच शिंगपिंगचं. काकांना नोट हातात धरून फोटो काढायला सांगते, पुलाचं विसरतील.

आणि आता गुरुवार, २९ ऑक्टोबर.

बाबा, तुम्ही पत्रकाच्या मागे पेन्सिलीने "श-च्या-च्वांग? जमलं तर" असं लिहिलं होतंत आणि मग खोडलं होतंत. फोटोत ते दिसतं. तुम्ही कुणाला बोलला नाहीत, आईलाही नाही. दर वर्षी १० ऑक्टोबरला परिपाठात डॉ. कोटणीसांची गोष्ट सांगणारे मास्तर चीनला जाणार आणि गाडी त्यांच्या समाधीच्या गावावरून न थांबता जाणार, हे मला पटत नाही. सोलापुरात जन्मलेला मुलगा मुंबईच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकला, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून गेला, चौघे परत आले आणि तो तिथेच राहिला. ९ डिसेंबर १९४२ ला गेला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. हे मी तुमच्याकडूनच पाचवीत ऐकलं. तुम्ही एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती, ती मला नंतर कळली: तिथे त्यांचं नाव क दीहुआ. पथकातल्या डॉक्टरांनी आपापल्या चिनी नावांच्या शेवटी "हुआ" लावून घेतलं, हुआ म्हणजे चीन. मुलाचं नाव इन्हुआ, म्हणजे भारत-चीन.

समाधी शच्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे, कॅनडाहून आलेल्या डॉ. बेथून यांचीही तिथेच. बीजिंगपासून रेल्वेने सव्वा तास, आणि शीआनला जायच्या वाटेवरच. म्हणजे वेगळा दिवस लागत नाही. सकाळी निघायचं, स्टेशनवर सामान ठेवायचं, समाधीवर जायचं, दुपारी जेवून पुढची गाडी पकडायची. शीआन तिथून साधारण चार तास. अडचण एकच आहे: मधल्या स्टेशनवर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. सोळा माणसं आणि सोळा बॅगा तेवढ्यात चढल्या पाहिजेत. म्हणून प्रत्येकी एकच चाकांची बॅग, स्वतःला उचलता येईल एवढीच. हे मात्र ग्रुपला ठणकावून सांगा. आणि गुरुवारचंही तुम्हीच सांगा, मी सांगणार नाही. कुणाला बीजिंगमध्ये खरेदी करायची असेल तर त्याने जरूर मागे थांबावं, संध्याकाळची गाडी आहे. पण तुमच्या तोंडून ऐकल्यावर कुणी थांबेल असं वाटत नाही.

शीआनला मातीचे सैनिक. १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडले. मूळ सगळे रंगवलेले होते, हवा लागल्यावर रंगाचे पोपडे सुटले. ज्या बादशहासाठी ते घडवले त्याची मुख्य कबर अजून उघडलेली नाही, त्याचं हेही एक कारण. आणि मोठा रानहंस पॅगोडा, इतिहासाच्या पुस्तकातल्या युआन श्वांगने भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवायला ६५२ मध्ये बांधलेला. हा आपला पुलकेशीच्या राज्यात येऊन गेलेला माणूस. मराठी मुलखातली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं लिहून ठेवलंय त्याने. खड्यांच्या दुकानाचा किस्सा आठवा.

खाण्याचं. शाकाहारी म्हणून मागितलं तरी भाजी चरबीत परतलेली असू शकते, म्हणून गाइडला आधीच लिहून देतेय. बौद्ध मंदिरांजवळ शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं, तिथे दोनदा जाऊ. बाकी तिकडे उकळतं पाणी सगळीकडे, गाडीच्या डब्यातसुद्धा नळ असतो. झटपट पोहे-उपमा चालतील. आई, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घे, पण तूप, पेढे आणि फळं नको, दुधाचे पदार्थ आणि ताजी फळं नेऊ देत नाहीत. बाबांचा अडकित्ता घरीच. रेल्वे स्टेशनवर बॅगा मशीनमधून जातात, धारदार काही दिसलं की काढून घेतात. सुपारी कातरून न्या. पॉवर बँकवर तिकडचा सुरक्षिततेचा थ्री-सी शिक्का नसेल तर देशांतर्गत विमानात नेऊ देत नाहीत, आपण ग्वेलीनला विमानानेच जातोय, तेव्हा कुणी नवीन घेऊ नका.

व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या वायफायवर चालत नाही, आपल्या सिमच्या रोमिंगवर चालतं. म्हणजे आईचे सुप्रभात सुरू राहतील. पैशांसाठी अलीपे या तिकडच्या मोबाइल ॲपला माझं कार्ड जोडते, थोडी रोख सगळ्यांनी जवळ ठेवावी.

आत्ता हवंय ते: सोळा पासपोर्टांच्या पहिल्या पानाचे स्पष्ट फोटो, तिरके नकोत. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे नवे फोटो, कान दिसले पाहिजेत. बाबा, राजवाड्याचं तिकीटही पासपोर्टवरच आहे, तेव्हा नावाचं स्पेलिंग बघून घ्या.

आणि आई, तिकडे समाधीला पिवळी-पांढरी शेवंती वाहतात. या शेवंतीचा संबंध तिथे शोकाशी लावतात, म्हणून कुणाला भेट द्यायला हीच फुलं घेऊ नकोस आणि त्या दिवशी केसांतही माळू नकोस. फुलं शच्याच्वांगला उतरल्यावर घेऊ, बाबांच्या हाताने.

तुमची,
धाकटी