तो चिरा मी बसवला आहे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकात शेवटच्या पानावर आपण ‘बंदरावर सायकलचा थरार’ या मथळ्याखाली रंगीत फोटो छापलात. बोटीच्या जुन्या गोदामाची भिंत, तिच्या माथ्यावर मागच्या एकाच चाकावर तोललेला पोरगा, मागे समुद्र. फोटो फार स्वच्छ आला आहे. इतका स्वच्छ, की ते चाक ज्या चिऱ्यावर टेकलं आहे तो चिरा, म्हणजे जांभ्याचा तासलेला दगड, मी ओळखला. तो मी बसवला आहे आणि त्याच्या खाली चुना नाही.

मी गवंडी. हात कापायला लागल्यापासून थापी ठेवून दिली आहे. १९८६ साली त्या गोदामाची डागडुजी निघाली तेव्हा भिंतीचा माथा नव्याने बांधायचं काम माझ्याकडे आलं. काम कोणी काढलं आणि कंत्राट कोणाचं होतं ते लिहीत नाही. रस्त्याकडची बाजू आम्ही नीट केली. समुद्राकडचे शेवटचे अकरा फूट राहिले तेव्हा चुना संपला. ‘सिमेंट मार आणि मोकळा हो’ असं मला सांगण्यात आलं. जांभा पाणी पितो आणि सोडतो. वरून सिमेंट थापलं की ते पाणी आत कोंडतं आणि चार पावसांत पापुद्रा सुटून येतो. मी नकार दिला. चुना येईपर्यंत पावसाने चिरे हलू नयेत म्हणून ते नुसते ओळंब्यात मांडून ठेवले. चुना आला नाही. बिल मात्र पूर्ण निघालं. मी दोनदा जाऊन सांगितलं, दोन्ही वेळा ‘बघू’ म्हणाले. ते अकरा फूट गेली अडतीस-चाळीस वर्षं आपल्या वजनावर बसून आहेत.

आपल्या वार्ताहराला हे माहीत असायचं कारण नाही, मान्य. पण बातमीत ‘ऐतिहासिक वास्तू’ हे शब्द तीनदा आले आहेत. मग त्या वास्तूला एकदा हात लावून बघायला काय हरकत होती? नखाने सांधा खरवडला असता तरी कळलं असतं.

बुधवारी सकाळी मी बंदरावर गेलो. फोटोतला चिरा बोटभर पुढे सरकलेला आहे, खाली ताजी लाल भुकटी पडली आहे. भिंतीच्या त्या बाजूला खाली वाळू नाही, खडक आहे. आणि ज्या वेळी मुलं तिथे असतात त्या वेळी ओहोटी असेल तर पाणीही नसतं. (यावरून आठवलं. आपण भरती-ओहोटीच्या वेळा छापणं बंद केलंत त्याला आता वर्ष होईल. त्या जागी राशिभविष्य मोठं झालं आहे. आमच्या वाडीत अर्धी घरं खाडीवर जगतात. त्या दोन ओळी परत द्या.)

मुलं तिथेच होती. चौघं, सगळी सुट्टीतली. मी ओरडलोच आधी. एकाने सायकल खाली ठेवली आणि म्हणाला, ‘‘आजोबा, आमी भिंत तोडत नाय. फक्त उभं ऱ्हातो.’’ मग त्यांनी मोबाइलवर मला एक स्कॉटलंडचा माणूस दाखवला, डॅनी मॅकॅस्किल. २०११ सालच्या व्हिडिओत तो तिकडच्या एका बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्यात आणि रेल्वेच्या जुन्या डब्यांवरून सायकल चालवतो. हा माणूस आधी सायकलच्या दुकानात दुरुस्तीचं काम करत होता. रुळाच्या एका पट्टीवरून तो सरळ जातो, डब्याच्या टपावरून खाली उतरतो, आणि उतरताना चाकाचा आवाजसुद्धा होत नाही असं वाटतं. मी ते तीनदा बघितलं. हाताचं कसब मला कळतं आणि हे कसबच आहे. त्याला नावं ठेवायला मी हे पत्र लिहीत नाही.

पण मुलांना मी जे सांगितलं ते आपल्यालाही सांगतो. तिकडे त्या माणसाच्या चाकाखाली लोखंड आहे, रूळ आहे. इथे जांभ्याचा सुटा चिरा आहे. भिंत वरून येणारं ओझं शंभर वर्षं सोसते, आडवा धक्का सोसत नाही. पोरगा उडी मारून माथ्यावर येतो आणि जागच्या जागी थांबायला ब्रेक आवळतो, तेव्हा सगळा जोर चिऱ्याला पुढे ढकलतो. खालच्या थरातल्या चिऱ्यावर निदान वरचा थर बसलेला असतो, माथ्याच्या चिऱ्यावर कोण बसलंय? त्याला धरून ठेवायला चुना लागतो, आणि तिथे तो नाही. आणि त्या मॅकॅस्किलचंसुद्धा पडून हासळीचं हाड मोडलं होतं. हे मुलांनीच मला सांगितलं, अभिमानाने.

जुनं बांधकाम वरून भक्कम दिसतं. महाडचा सावित्रीवरचा दगडी कमानींचा पूल १९२८ चा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, सोबत दोन एसट्या घेऊन गेला. त्या रात्री पडेपर्यंत त्यावरून वाहनं जात होती. मी स्वतः त्या पुलावरून कितीदा गेलो असेन, कधी मनात शंका आली नाही. आणि मी तर धंद्यातला माणूस.

दुसरी गोष्ट ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मुलांना पुढचा व्हिडिओ रेल्वेच्या पुलावर करायचा आहे, ‘‘तिकडे कसा केलाय तसा.’’ अहो, तिकडे ती जागा बंद पडलेली आहे. आपल्याकडे जुनी रेल्वे आहेच कुठे? १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली आणि कोकणातून सलग गाडी धावायला १९९८ उजाडलं. तोवर आमची रेल्वे म्हणजे बोट, आणि आमचं स्टेशन म्हणजे हेच गोदाम. माझी आई पहिल्यांदा मुंबईला गेली ती इथून, पडावात बसून, डोक्यावर तांदळाचं बोचकं घेऊन. रेल्वेच्या कामावरही मी दोन वर्षं होतो, मोऱ्यांच्या दगडी बांधकामाला. रत्नागिरीजवळचा पानवलचा रेल्वेपूल ६४ मीटर उंच आहे, तो उभा राहताना बघितला आहे. २०२२ पासून सगळ्या मार्गावर २५,००० व्होल्टची तार आहे. त्या तारेला शिवावं लागत नाही, फार जवळ गेलं तरी पुरतं. रुळांवर विनापरवाना गेल्यास रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाने सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते ते वेगळंच. धोक्याचे दोन शब्द आपण त्या फोटोच्या शेजारी छापायला हवे होते. फोटोखाली आपण काय छापलंत? ‘तरुणाईच्या धाडसाला सलाम.’ तो फोटो मुलांनी घरात लावला आहे. एकाची आई मला म्हणाली, ‘‘पेपरात आलाय म्हणजे चांगलंच असेल ना, काका?’’ तिला मी काय उत्तर द्यायचं होतं?

मुलांना हाकलून द्या असं मी म्हणत नाही. निघताना त्यातला धाकटा म्हणाला, ‘‘मग कुठं करायचं ते तरी सांगा.’’ मला सांगता आलं नाही. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जा म्हणणार होतो, पण सड्यावर कुठे कातळशिल्पं आहेत ते सगळ्यांना ठाऊक नसतं, त्यांवरून चाकं गेली तर तेही आपल्याच पदरी. रस्त्यावर डंपर. शाळेच्या मैदानाला सुट्टीत कुलूप. बंदरावरच्या बंद बर्फाच्या कारखान्याचं अंगण सिमेंटचं आहे, सपाट आहे, तिथे जुने लोखंडी साचे पडून आहेत. मालकाला कोणी विचारलं तर तो नाही म्हणेल असं मला वाटत नाही. पण विचारायला माझ्यासारख्या म्हाताऱ्यापेक्षा पेपरवाला गेला तर फरक पडतो.

आणि ते अकरा फूट. चुना भिजवायचा, चिरे उचलून खालची जागा साफ करायची, परत बसवायचे, दर्जा म्हणजे चिऱ्यांमधले सांधे भरायचे. माझा हात कापतो, पण माझा पुतण्या हे काम शिकला आहे आणि मी शेजारी उभा राहीन. चुन्याचं काम निदान पंधरा दिवस ओलं ठेवावं लागतं, म्हणजे मृगाच्या आधी उरकायचं तर आठवड्याभरात सुरू व्हायला हवं. चुना माझा, मजुरी नको. बंदरावर तीन ठिकाणी विचारलं. तिन्ही ठिकाणी ‘ही जागा आमच्याकडे येत नाही’ असं उत्तर मिळालं. ती कोणाकडे येते हे आपल्या वार्ताहराने शोधून त्याच पानावर, त्याच आकारात छापावं, एवढीच विनंती.

तोवर भिंतीच्या त्या टोकावर मी करवंदीच्या काट्या टाकून ठेवल्या आहेत. मुलांनीच आणून दिल्या.

आपला,
एक निवृत्त गवंडी
जि. रत्नागिरी