साराताई, त्या चौकोनांसाठी

डॉ. सारा पार्कॅक यांस,
सप्रेम नमस्कार.

ओळख नसताना ताई म्हणते आहे. पण उपग्रहाच्या चित्रांतून पुरातन जागा शोधण्याच्या तुमच्या कामाच्या आधाराने माझ्या किती रात्री सरल्या, हे कळलं तर तुम्हाला ते परकं वाटणार नाही.

२०१७ साली सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे. मधल्या जागरणासाठी लेकीने लॅपटॉपवर तुमची ‘ग्लोबलएक्सप्लोरर’ ही वेबसाइट उघडून दिली. टेड पुरस्काराचे १० लाख डॉलर तुम्ही याच कामाला लावले होते. समोर दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या जमिनीचा १०० मीटर लांब-रुंद चौकोन, उपग्रहाने टिपलेला. सांगायचं एवढंच, इथे चोरांनी खणलंय का?

पहिल्या रात्री मी फसले. काळसर ठिपके आणि भोवती फिकट मातीचं कडं, मला वाटलं नारळाची आळी. त्या रखरखाटात नारळ कुठले! जुनी थडगी फोडून मडकी, वस्त्रं नेणाऱ्यांचे ते खड्डे होते. मग हळूहळू नजर बसली. आळी ओळीत असतात, खड्डे दाटीवाटीने, एकमेकांच्या अंगावर.

माझं कॉलेज अर्धवट राहिलेलं. तरी तुम्ही माझ्या नजरेवर भरवसा ठेवलात. तोही आंधळा नव्हे. एकच चौकोन अनेकांना दाखवायचा, मतं जुळली की मगच तज्ज्ञांकडे. आणि जागा कुठली ते कोणालाच कळू द्यायचं नाही, नाहीतर चोरांना आयता नकाशा. ही काळजी मला सगळ्यात मोलाची वाटते.

२०१८ मध्ये वाचलं, पेरूच्या पुरातत्त्वज्ञांनी तुमच्या प्रकल्पाच्या माहितीचा आधार घेऊन पाल्पा भागात ड्रोन उडवले आणि जमिनीवर कोरलेली ५० हून अधिक नवी चित्रं सापडली, काही तर तिथल्या प्राचीन नाझ्का संस्कृतीच्याही आधीची. त्यात मी पाहिलेला एखादा चौकोन होता का, मला कधीच कळणार नाही. त्या रात्री मात्र सासूबाईंना उठवून सांगितलं. त्या हसल्या.

आता त्या नाहीत. मी आमच्या रत्नागिरीच्या सड्यांकडे, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांकडे बघते. इथल्या जांभ्यावर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती तर १८ मीटर लांब, त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेले. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, पण सड्यावर बांधकामाचा दगड काढणाऱ्या चिरेखाणी आहेत, रस्ते येतात. उपग्रहाच्या चित्रात त्या बारीक रेषा मला दिसत नाहीत. खाणीचे तांबडे चौकोन मात्र स्पष्ट दिसतात. जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवून कुठली खाण शिल्पाकडे सरकते आहे ते वहीत लिहिते, जाणकारांना कळवते. जागा चारचौघांत सांगत नाही. हे तुमच्याकडूनच शिकले.

कधी या इकडे. दिवाळीनंतर या, तोवर सड्यावरचं गवत वाळलेलं असतं आणि हत्ती सोंडेपासून शेपटीपर्यंत दिसतो.

तुमची,
रत्नागिरीची एक चौकोन पाहणारी