दुखतं तिथे पॅड नको

संपादक महोदय,

अग्निवीर भरतीतल्या 1.6 किलोमीटर धावेच्या तयारीसाठी भिंड-मुरैन्याकडची मुलं ग्वाल्हेरात खोली घेऊन राहतात आणि पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. चवडा दुखू लागला की बाजारातून जेलचं पॅड येतं आणि नेमकं दुखऱ्या जागी चिकटवलं जातं. त्याने तिथला दाब उलट वाढतो. जुन्या बुटातलं इनसोल काढून पाहा. दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मागे जिथे ते काळं पडून दबलंय, तिथे हाडांच्या गाठी टेकतात. पॅड त्या डागाच्या मागे, कमानीच्या बाजूला हवं. पुढची कड डागावर चढता कामा नये. मग गाठींवरचा भार मागे वाटला जातो.

ब्रिटनच्या डार्टमथ नौदल महाविद्यालयात चालताना पायाखालचा दाब मोजून जास्त धोक्याचे 400 प्रशिक्षणार्थी निवडले होते. इनसोल मिळालेल्या निम्म्यांत 21 दुखापती झाल्या, उरलेल्यांत 61. अमेरिकी सैन्याने मात्र नुसता पायाचा आकार पाहून बूट वाटले, त्याचा उपयोग झाला नाही. दुकानात ओल्या पावलाचा ठसा बघून महागडे बूट गळ्यात मारतात, त्यांचं काय ते समजून घ्यावं.

अर्थात पॅडने घाई भरून निघत नाही. ताण वाढला की हाड आधी जुना भाग झिजवतं, नवा मागाहून भरतं. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते कच्चं असतं, आणि मुलं तेव्हाच जोर वाढवतात. म्हणून जोराची धाव एक दिवसाआड, तीही मातीवर. चौथ्या आठवड्यात अंतर कमीच करावं. प्रशियाचे लष्करी डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी 1855 मध्ये शिपायांचे सुजलेले पाय नोंदवले, पण ते हाड मोडल्याचं लक्षण आहे हे एक्स-रे आल्यावरच कळलं. आजही पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे साफ येऊ शकतो. पायाच्या वरच्या बाजूला बोटाने दाबून एकाच बिंदूवर कळ येत असेल, तर रिपोर्ट काहीही म्हणो, धावणं बंद करून डॉक्टर गाठावा. दुखण्याची गोळी घेऊन धावणं तर नकोच.

बूट संध्याकाळी, धावायचेच मोजे घालून, उभं राहून घ्यावेत. लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. सपाट पायाची धास्ती सगळ्यांनीच घ्यायची गरज नाही. चवड्यावर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल, पाय लवचीक असून दुखत नसेल, तर सहसा तेवढ्यावरून कुणी अपात्र ठरत नाही.

— दोन फिजिओथेरपिस्ट, लष्कर भाग, ग्वाल्हेर